स्थिर खिडक्या (शिडाची बोट)

शिडाच्या बोटीवरील स्थिर खिडकी म्हणजे केबिनच्या भिंतीत कायमचे बसवलेले, न उघडणारे पारदर्शक तावदान होय. केबिनमध्ये उजेड यावा आणि आतून बाहेरचा समुद्र दिसावा, एवढेच तिचे काम. हवा येण्यासाठी उघडणारी झडप किंवा गोल खिडकी वेगळी असते. स्थिर खिडकीला बिजागरी, कडी वा हलणारा कोणताही भाग नसतो. त्यामुळे तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. मात्र वीस-तीस वर्षे जुन्या झालेल्या फायबर ग्लासच्या बोटींत पाणी आत येण्याची जी नेहमीची ठिकाणे असतात, त्यांत या खिडक्यांचा क्रमांक बराच वरचा आहे. तावदान काढून, जुने सांधभरण खरवडून नवे तावदान पुन्हा जलरोधक बसवणे हे जुन्या बोटीच्या देखभालीतील एक ठरलेले काम मानले जाते.

महत्त्व

खिडकीतून होणाऱ्या गळतीचे परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला सावकाश दिसतो. अनेक फायबर ग्लास बोटींचे डेक आणि केबिनच्या भिंती सलग काचतंतूंच्या नसतात. दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा लाकडाचा, प्लायवूडचा किंवा फोमचा गाभा भरलेला असतो. खिडकीसाठी भिंत कापली की त्या कापाच्या कडेला हा गाभा उघडा पडतो. सांध्यातून झिरपलेले पाणी गाभ्यात शिरते, लाकूड कुजते आणि थर एकमेकांपासून सुटतात. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : लाकूड कुजवण्याच्या बाबतीत समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक असते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. त्यामुळे समुद्रात न जाता किनाऱ्यावर उभी असलेली बोटही पावसाळ्यात खराब होऊ शकते.

दुसरा परिणाम अचानक होतो. ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच खिडकीवर केवळ १ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला, तरी तिच्यावर सुमारे १२० किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. फुटणारी लाट वेगाने येऊन आदळते, तेव्हा भार याहून कितीतरी अधिक असतो. शिवाय बोट आडवी झाली की वाऱ्याच्या आडोशाची बाजू पाण्यावर आपटते आणि खिडकी त्याच बाजूची निखळते. खिडकी गेली की भिंतीला तेवढेच मोठे भोक पडते. म्हणून दूरच्या सागरी शर्यतींच्या जुन्या नियमांत दोन चौरस फुटांहून मोठ्या खिडक्यांसाठी वरून बसवायची वादळी झाकणे बाळगणे बंधनकारक होते. लहान नौकांच्या खिडक्या आणि झडपा यांची मजबुती व जलरोधकता यांसाठी आयएसओ १२२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

बसवण्याचे प्रकार

जुन्या लाकडी बोटींवर पितळ किंवा कांशाच्या चौकटीत जाड काच बसवण्याची पद्धत होती. फायबर ग्लासच्या बोटी १९६० नंतर मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या, तेव्हा ॲल्युमिनिअमची दुहेरी चौकट रूढ झाली. या प्रकारात बाहेरची आणि आतली चौकट भिंतीला मध्ये धरून स्क्रूंनी आवळली जाते व तावदान रबरी पट्टीत बसते. काही स्वस्त बोटींवर मोटारगाडीच्या जुन्या काचेप्रमाणे खाच असलेली रबरी पट्टी भिंतीच्या कडेवर चढवून तीत तावदान बसवलेले आढळते. ही रबरी पट्टी सोपी खरी, पण जोराच्या लाटेसमोर सर्वांत दुबळी.

त्यानंतर भिंतीच्या बाहेरून थेट तावदान लावून ते बोल्टने आवळण्याची पद्धत आली, आणि अलीकडे बोल्टही वगळून केवळ चिकट सीलंटवर तावदान धरण्याची. शेवटच्या दोन प्रकारांत तावदान भिंतीतील भोकापेक्षा मोठे असते व चारही बाजूंनी भिंतीवर टेकते. बाहेरून येणारा पाण्याचा दाब अशा तावदानाला भिंतीवर अधिकच घट्ट दाबतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

गळती का होते

सीलंट म्हातारे होते म्हणून खिडकी गळते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उन्हातील अतिनील किरणांनी सीलंट कडक होते आणि भेगाळते हे खरे. परंतु कित्येकदा नव्याने बसवलेली खिडकीही दोनच वर्षांत पुन्हा गळू लागते. त्याचे कारण उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात आहे.

बोटीच्या खिडक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक या प्लास्टिकचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ७० दशलक्षांश असतो. काचेचा सुमारे ९, ॲल्युमिनिअमचा २३ आणि काचतंतूंच्या भिंतीचा साधारण २५ असतो. म्हणजे ८० सेंटिमीटर लांबीचे ॲक्रिलिकचे तावदान पहाटेपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी तापले तर ते सुमारे २.२ मिलिमीटरने वाढते, तर त्यामागची भिंत ०.८ मिलिमीटरने. गडद रंगाच्या तावदानात एवढा फरक सहज पडतो. उरलेला १.४ मिलिमीटरचा फरक दोन टोकांत विभागला, तर प्रत्येक टोकाला तावदान भिंतीवरून सुमारे ०.७ मिलिमीटर सरकते. रोज सरकते आणि रोज परत येते.

हे सरकणे झेलायचे असते ते मधल्या सीलंटच्या थराने. थर ३ मिलिमीटर जाड असेल, तर ०.७ मिलिमीटरचे सरकणे म्हणजे त्याच्या जाडीचा जेमतेम चौथा हिस्सा. चांगले लवचीक सीलंट ते वर्षानुवर्षे सहन करते. पण बसवणाऱ्याने बोल्ट करकचून आवळले आणि थर अर्धा मिलिमीटरच उरला, तर तेच सरकणे थराच्या जाडीच्या जवळजवळ दीडपट होते. असा थर पहिल्या उन्हाळ्यातच कुठल्यातरी एका पृष्ठभागावरून सुटतो. घट्ट आवळले म्हणजे पाणी अडले ही सहजप्रवृत्ती येथे उलटी पडते, आणि हौशी दुरुस्त्या फसण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

समुद्र न पाहिलेल्या वाचकालाही याचा अनुभव असतो. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे पत्र्याच्या छपरात उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा नेमका स्क्रूच्या भोकांपाशी चिरतो आणि पहिल्या पावसात तेथूनच टिपकू लागतो. कारण हेच : पत्रा वाढू पाहतो आणि घट्ट स्क्रू त्याला हलू देत नाही.

याखेरीज शीड ताणले गेल्यावर बोटीचे सांगाडे व डेक किंचित पिळवटतात आणि चौकोनी खिडकीचे कोपरे त्या पिळाला तोंड देतात. ॲल्युमिनिअमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतील, तर खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनिअम झिजते व पांढरी भुकटी जमते.

गळतीचे मूळ शोधणे

पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. केबिनच्या आतील अस्तरामागून ते हातभर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकते. डेकवरील कठड्याचा एखादा बोल्ट गळत असताना दोष खिडकीला दिला जातो, आणि याउलटही घडते. म्हणून खिडकी काढण्याआधी आतले अस्तर शक्य तेवढे सोडवून, सांध्याच्या आतल्या बाजूला खडूची पूड लावतात. बाहेरून एक जण नळीने पाणी सोडतो, दुसरा आत पाहत राहतो. पाणी नेहमी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्यावे. वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. ओल्या खडूची पहिली रेघ गळतीची जागा दाखवते.

तावदानाचे साहित्य

ॲक्रिलिक १९३३ च्या सुमारास व्यापारी स्वरूपात बाजारात आले. पर्स्पेक्स आणि प्लेक्सिग्लास ही त्याचीच व्यापारी नावे. ते ताठ, स्वच्छ आणि उन्हात दीर्घकाळ टिकणारे आहे. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनी व अमेरिका येथे स्वतंत्रपणे लागला. लेक्सन हे त्याचे परिचित नाव. आघात सोसण्याची त्याची क्षमता ॲक्रिलिकच्या अनेक पट असते, त्यामुळे तेच नेहमी श्रेष्ठ असे अनेकांना वाटते. परंतु ते ॲक्रिलिकपेक्षा अधिक वाकते, लवकर ओरखडते आणि खास लेप नसेल तर उन्हाने पिवळे पडते. लाटेच्या दाबाखाली वाकलेले तावदान न तुटता चौकटीतून अख्खे निसटू शकते, म्हणून पॉलिकार्बोनेट केवळ सीलंटवर न ठेवता बोल्टनेही धरणे श्रेयस्कर ठरते. सामान्य वापरासाठी साच्यात ओतून तयार केलेले ॲक्रिलिक निवडावे. यंत्रातून दाबून काढलेले ॲक्रिलिक स्वस्त मिळते, पण त्यात अंतर्गत ताण राहिलेला असतो व भोकांपाशी त्याला लवकर तडे जातात.

जुन्या ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. ऊन, ताण आणि चुकीची द्रावके यांचा तो एकत्रित परिणाम असतो. वरवरचे ओरखडे पॉलिशने जातात. या रेघा जात नाहीत, कारण त्या आत उतरलेल्या असतात. अशा तावदानाची मजबुती घटलेली असल्याने ते पुन्हा न बसवता बदलावे.

सीलंटची निवड

पूर्वी काचेसाठी अळशीच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेले लुकण वापरले जाई. घराच्या खिडकीला ते चालते, हलणाऱ्या बोटीला नाही. आज बाजारात चार-पाच कुळांची सीलंट मिळतात आणि निवडीतील चूक महागात पडते.

पॉलिसल्फाइड डेकवरील धातूच्या वस्तूंसाठी उत्तम असले, तरी ते ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांना अपाय करते. म्हणून प्लास्टिकच्या तावदानाला ते लावू नये. पॉलियुरेथेन अतिशय घट्ट चिकटते, परंतु प्लास्टिकवर त्याची पकड प्रायमरशिवाय भरवशाची नसते आणि तावदानातून आत येणारे ऊन ती पकड आणखी सैल करते. प्लास्टिकच्या तावदानांसाठीच बनवलेले काही पॉलियुरेथेन प्रकार आहेत, पण ते त्यांच्या ठरलेल्या प्रायमरसहच वापरायचे असतात. केवळ चिकटवून बसवायच्या खिडक्यांसाठी इमारतींच्या काचेच्या दर्शनी भिंतींत वापरले जाणारे बांधकाम-दर्जाचे तटस्थ सिलिकोन पुष्कळांनी यशस्वीपणे वापरले आहे. न्हाणीघरासाठी मिळणारे, शिरक्याचा वास येणारे सिलिकोन मात्र वेगळे : त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते धातूला खाते.

सिलिकोनची एक मोठी अडचण आहे. ते एकदा लागले की त्या जागी नंतर दुसरे कोणतेही सीलंट वा रंग धरत नाही, आणि त्याचा न दिसणारा थर खरवडूनही मागे राहतो. घाईत गळक्या खिडकीच्या कडेने बाहेरून फासलेले सिलिकोन म्हणूनच पुढच्या दुरुस्तीची वाट बिकट करून ठेवते, आणि गळतीही फारशी थांबवत नाही.

ब्युटाइलची पट्टी कधीच वाळत नाही. ती मऊ, चिकट राहते व तावदानाबरोबर हलते. बोल्टने आवळलेल्या किंवा दुहेरी चौकटीच्या खिडक्यांना ती फार सोयीची आहे, पण ती तावदानाला धरून ठेवू शकत नाही. आपल्याकडच्या उन्हात गडद पृष्ठभागावर ती मऊ होऊन थोडीथोडी बाहेर येते. बाहेर आलेला भाग धारदार पात्याने कापून टाकता येतो.

बदलण्याची पद्धत

जुने तावदान काढताना ते मोडू नये, कारण तेच नव्याचा नमुना असते. बोल्ट काढून झाल्यावर पातळ, लवचीक पाते सांध्यात सरकवत पुढे जावे. पटाशीने उचकटल्यास काचतंतूंचा थर भिंतीपासून सुटतो. उष्ण हवेच्या यंत्राने सीलंट मऊ करता येते. काढलेल्या प्रत्येक तावदानावर डावे-उजवे आणि पुढची बाजू लिहून ठेवावी. एकाच वेळी सर्व खिडक्या काढल्या तर दोन सारखी दिसणारी तावदाने प्रत्यक्षात सारखी नाहीत, हे उशिरा कळते.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे आणि दुरुस्तीचे यश बहुतांशी त्यावरच ठरते. जुने सीलंट पूर्णपणे खरवडून, पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, स्वच्छ कापडाने पुन्हा पुन्हा पुसावा. नंतर कापाच्या कडेचा गाभा टोच्याने तपासावा. तो मऊ लागला, तर कुजका भाग कोरून काढून, जागा पूर्ण सुकू देऊन, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरून घ्यावी. गाभा निरोगी असला तरी कड इपॉक्सीने बंद केली म्हणजे पुढे सांधा गळलाच, तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

बोल्टची भोके तावदानात बोल्टपेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठी ठेवतात, जेणेकरून तावदानाला सरकायला जागा राहील. ड्रिलचे पाते प्लास्टिकसाठीचे किंवा मुद्दाम धार कमी केलेले असावे. लोखंडासाठीचे तीक्ष्ण पाते ॲक्रिलिकमध्ये रुतते आणि पलीकडच्या बाजूचा टवका उडवते. भोके कडेच्या फार जवळ नसावीत. बोल्टचा माथा सपाट बुडाचा असावा व त्याखाली रुंद वायसर द्यावा. शंकूच्या आकाराचा, आत बुडणारा माथा पाचरीसारखे काम करतो आणि तडा जाण्याची सुरुवात तेथूनच होते.

तावदान कोरडेच लावून पाहिल्यावर आतून त्याच्या संरक्षक कागदावर भोकाची कड आखतात. सीलंट लागणार तेवढाच कागद कापून काढतात, बाकीचा तसाच ठेवतात. बाहेर भिंतीवर मास्किंग टेप लावतात. उघडी पट्टी बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. ॲसिटोन किंवा थिनर ॲक्रिलिकला कधीही लावू नये. त्याने लगेच नाही, पण काही दिवसांनी तडे दिसू लागतात. तावदान पारदर्शक असेल तर ही पट्टी काळी करून सीलंटला ऊन लागू न देण्याची पद्धत आहे.

थराची जाडी राखण्यासाठी ३ मिलिमीटर जाडीचे फोमचे किंवा रबराचे छोटे तुकडे अंतराअंतरावर चिकटवतात. सीलंटची अखंड, भरघोस रेघ ओढून तावदान एका बाजूने टेकवत जावे, म्हणजे हवा कोंडत नाही. चारही कडांनी सीलंट थोडेसे बाहेर आले की दाबणे थांबवावे. बोल्ट या वेळी केवळ हाताने लावायचे. सीलंट पूर्ण जमल्यावर त्यांना किंचित आवळ देतात. त्यामुळे जमलेला थर गॅस्केटसारखा दाबला जातो, पिळून निघत नाही. वक्र भिंतीवर सपाट तावदान वाकवून बसवायचे असेल, तर सीलंट जमेपर्यंत आतून-बाहेरून टेकू द्यावे लागतात. काही दिवसांनी नळीने तीच पाण्याची चाचणी पुन्हा घेतात.

ऋतू आणि वेळ

मुंबई बंदरातील शिडाच्या बोटींचा हंगाम साधारणपणे पावसाळा ओसरल्यावर सुरू होऊन मेअखेरपर्यंत चालतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात बोटी बाहेर काढून ठेवण्याची रीत आहे. मोकळा वेळ तेव्हाच मिळत असल्याने खिडक्यांचे काम पावसाळ्यात काढण्याचा मोह होतो. तटस्थ सिलिकोन आणि पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्यानेच जमतात, त्यामुळे दमट हवा स्वतः अडचणीची नाही. अडचण पृष्ठभागावर न दिसता साचणाऱ्या ओलीची आहे. ओला गाभाही या दिवसांत सुकत नाही. मे महिन्यातील दुपारही तितकीच गैरसोयीची : तापून वाढलेले तावदान त्या अवस्थेत बसवले, तर थंडीतील सगळे आकुंचन सांध्याला एकाच दिशेने सोसावे लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कोरडी सकाळ, सावली करून, हा सर्वांत सुरक्षित काळ होय.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या संदर्भात

पाणी खिडकीच्या तावदानातून नव्हे, तर केबिन आणि डेक यांच्या सांध्यातून कसे आत येते याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईत बांधलेल्या बोटीचे आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फूट लांबीची ‘सुहेली’ ही सागवानी बोट मुंबईच्या कारागिरांनी बांधली आणि १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तिच्यातून त्यांनी जगाची पहिली एकल, विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली. सप्टेंबर १९६८ मध्ये दक्षिण महासागरात एका लाटेने बोट आडवी केली, तेव्हा केबिनचे बांधकाम डेकवरून किंचित सरकले आणि कडेने पाणी आत येऊ लागले. त्यांनी समुद्रातच ते जादा बोल्ट घालून जखडले. त्यापूर्वी, अटलांटिकमध्ये असताना, तळाकडच्या फळ्यांचा गळका सांधा त्यांनी पाण्याखाली बुडी मारून कापूस भरून व वर तांब्याची पट्टी ठोकून बंद केला होता.

भारतीय नौदलाची ५६ फुटी ‘म्हादेई’ ही बोट गोव्यातील दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली व २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यातून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकल प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच बोटीतून विनाथांबा प्रदक्षिणा केली. त्याच गोदीत बांधलेल्या ‘तारिणी’वरून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. ‘सुहेली’च्या नमुन्यावरून तेथेच तयार झालेली ‘थुरिया’ मात्र सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात आडवी होऊन तिची डोलकाठी मोडली आणि तिच्यावर एकटे असलेले टॉमी जबर जखमी झाले.

दूरच्या सफरीवर निघणाऱ्या बोटीत प्रत्येक मोठ्या खिडकीच्या मापाचे प्लायवूडचे झाकण, त्याला आतून आडवे धरणारी पट्टी व लांब बोल्ट आधीच कापून, भोके पाडून ठेवलेले असतात. झाकण प्रत्यक्ष लावून पाहण्याचे काम बंदरातच उरकतात, कारण उसळत्या समुद्रात नवे भोक पाडता येत नाही.